टाकीच्या तोंडावर

शिरवण्याच्या एमआयडीसीत बफिंग करणारे, म्हणजे पत्र्याला पॉलिश करणारे, पन्नासेक जण असतील, पण गंगारामसारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही, हे त्याच्यावर जळणारेही कबूल करत. खरखरीत पत्रा त्याच्याकडे दिला की दोन दिवसांत असा लखलखीत निघे, की कामगार त्यात बघून भांग पाडत. आणि एवढा हात असून हा गृहस्थ करायचा काय, तर हॉटेलांची सिंकं, दवाखान्यांतल्या ट्रॉल्या आणि जिन्याचे कठडे.

ज्याला हा धंदा माहीत नाही, त्याला यात काही वावगं वाटणार नाही. पण स्टेनलेस स्टीलच्या कामात खरी कसोटी लागते ती टाकीच्या आत. दुधाची टाकी, औषधाची टाकी बाहेरून कशीही दिसो, आतून ती आरशासारखी हवी. एवढासा ओरखडा राहिला तरी त्यात माल अडकतो आणि नासतो. म्हणून मान मिळतो तो आत उतरून पॉलिश करणाऱ्याला. गंगाराम टाकीत पाय घालत नसे. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मना दमा हाय." दमाबिमा काही नव्हता. शिरवणे गावातून वर्कशॉपपर्यंतचा रस्ता तो ताडताड चालत यायचा आणि शिफ्ट संपली की तसाच परत जायचा. वर्कशॉपचा मालक फजल शेठ हे जाणून होता, पण उरणकडचा तो समंजस माणूस. त्याने कधी विषय काढला नाही.

टाकीला एक तोंड असतं. खांदे आवळून माणूस जेमतेम आत जाईल, एवढंच. आत कोणी काम करत असला की त्या तोंडावर दुसऱ्याने बसायचं, हा नियम. बसणाऱ्याने दुसरं काही म्हणजे काही करायचं नाही. चहा नाही, पेपर नाही, गप्पा नाहीत. थोड्या थोड्या वेळाने पत्र्यावर ठोकायचं, आतून उलट ठोका आला की पुन्हा गप्प बसायचं. ठोका नाही आला, तर बोंब मारून माणसं गोळा करायची. बघणाऱ्याला वाटतं, काय मजा आहे, बसून पगार खातोय लेकाचा.

सहा वर्षांपूर्वी, अठ्ठ्याऐंशी साली, गंगाराम असाच एका टाकीच्या तोंडावर बसला होता. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडच्या एका मोठ्या कंपनीत. आत त्याचा थोरला भाऊ मारोती वेल्डिंग करत होता. शेतं आणि मिठागरं शहराला गेल्यावर गावातल्या काही घरांना कारखान्यांत कामं मिळाली, त्यांत हे दोघे भाऊ. मारोतीने आधी स्वतः वेल्डिंग शिकून घेतलं आणि मग धाकट्याला हाताला धरून आणलं. वेल्डिंगला आरगॉन नावाचा वायू लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड असल्याने तो टाकीच्या बुडाशी साचत जातो आणि माणसाला काही कळायच्या आत झोप येते. मारोतीला तशी झोप आली, आणि त्या वेळी तोंडावर कोणी नव्हतं.

गावात जे सांगितलं गेलं ते असं. फोरमन नंदकिशोर सावंत याने गंगारामला हाक मारली, एक जड पत्रा धरायला नेलं, आणि तेवढ्यात घात झाला. सावंत चौकशीत कानीकपाळी ओरडून सांगत राहिला की मी याला बोलावलं नाही. कोण ऐकतो? फोरमन स्वतःची कातडी वाचवतोय, असंच सगळ्यांना वाटलं. त्याची नोकरी गेली. भावाच्या दुःखाने अर्धा झालेल्या गंगारामवर कोणी बोट उगारलं नाही. पुढे तो ती कंपनी सोडून फजल शेठकडे बफिंगला लागला.

खरं सांगायचं तर सावंतने त्याला बोलावलं नव्हतं. त्या दिवशी कंपनीच्या गेटवर निवटेवाली आली होती. निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे, आणि निवट्यांचं कालवण हा मारोतीचा जीव की प्राण. टोपलीत ते जिवंत असेपर्यंतच घ्यायचे असतात. गंगारामने पत्र्यावर ठोकलं, आतून ठोका आला, आणि 'हा गेलो नि हा आलो' म्हणून तो उठला. गेटवर उकिडवा बसून चांगले तरतरीत निवटे एकेक करून वेचत राहिला. परतला तेव्हा त्याने ठोकलं, आणि आतून काहीच आलं नाही. हातातली पिशवी त्याने गटारात फेकली, मग ओरडला. कोणीतरी विचारलं, "तू कुठं होतास?" आणि त्याच्या तोंडून फोरमनचं नाव निघून गेलं. त्याने ते ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. पण एकदा निघालेलं नाव त्याने परतही घेतलं नाही, हेही तितकंच खरं.

मारोतीची बायको जाईबाई. पदरात मूल नाही, नवरा गेलेला. तिने दोन महिने अंथरूण धरलं, आणि तिसऱ्या महिन्यात उठून वर्कशॉपांना जेवण पुरवायला लागली. डोक्यावर टोपली, टोपलीत तांदळाच्या भाकऱ्या आणि कालवण, बरोबर साडेबाराला दारात हजर. फजल शेठच्या वर्कशॉपात शेवटी यायची, म्हणजे दिराजवळ घटकाभर बसता येई. गंगारामच्या ताटात तिने सहा वर्षं माशाची एक तुकडी जास्त वाढली. "जेवा भावजी, तुमी वालत चाललाव," असं म्हणायची. त्याच्यासमोरच ती सावंतला शिव्या घालायची, त्याच्या सात पिढ्या उद्धरायची, आणि गंगाराम मान खाली घालून भाकरी मोडत राहायचा. शिक्षा म्हणावी तर याहून मोठी शिक्षा मला तरी माहीत नाही.

चौऱ्याण्णव सालच्या हिवाळ्यात वर्कशॉपात वैदेहीबाई आल्या. तिशीतल्या शिल्पकार, खांद्याला झोळी, झोळीत पुठ्ठ्याचा नमुना. नेरुळच्या एका चौकात एका कंपनीच्या खर्चाने त्यांचं शिल्प उभं राहणार होतं. चोवीस फूट उंच, सगळं स्टेनलेस स्टीलचं, खाली रुंद आणि वर पीळ घेत निमुळतं. त्यांनी नमुना टेबलावर ठेवला आणि कामगारांनी भोवती कोंडाळं केलं. एक म्हणाला केळफूल आहे. दुसऱ्याला ती कालवाची शिंप वाटली. तिसऱ्याने छातीठोकपणे सांगितलं की हे मोठ्या रॉकेटचं टोपण असणार. बाई हसल्या. रागावल्या नाहीत, याचं सगळ्यांना बरं वाटलं.

"याला नाक-डोळे नाहीत, म्हणून याचा अर्थच नाही असं नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी पुठ्ठ्यावरची वरपासून खालपर्यंत गेलेली चीर दाखवली; खऱ्या शिल्पात ती हातभर रुंद होणार होती. "इथे शहर वसतंय. बाहेरून चकचकीत होतंय. पण एखाद्या गोष्टीच्या पोटात काय आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायला हवं. म्हणून ही चीर. यातून आत बघितलं की आत अंधार नको, उजेड हवा. बाहेरून मला मंद पॉलिश चालेल, पण आतून आरसा पाहिजे."

कामगारांनी एकमेकांकडे बघितलं. आतून आरसा, बाहेरून मंद! आजवर सिंकं नि कठडे नेणारी गिऱ्हाइकं बरोबर उलटं मागायची. ही बाई तर टाकीच मागतेय, असं म्हणत फजल शेठने मान डोलावली.

अडचण अशी होती की चीर आधी पाडली तर पत्रा फाकतो आणि आकार हातचा जातो. म्हणजे आधी सगळं बंद जोडायचं, आतून पॉलिश करायचं, आणि चीर सर्वांत शेवटी. तोवर पायथ्याचं एक तोंड सोडलं तर ते शिल्प म्हणजे आडवी पाडलेली बंद टाकीच. फजल शेठचा आत उतरणारा जुना माणूस दिवाळीला गावी गेला तो परतलाच नव्हता. वैदेहीबाईंनी वर्कशॉपातले सगळे नमुने बोटाने चाचपून बघितले आणि एका सिंकवर बोट ठेवून विचारलं, "हे कोणाचं काम?"

गंगारामने बाहेरचं काम घेतो म्हटलं. आतल्या कामाचं नाव निघताच त्याने पुन्हा दमा पुढे केला.

"मी जबरदस्ती नाय करनार," फजल शेठ म्हणाला. "पन तुज्याबिगर दुसरा कोन नाय माज्याकडं. इचार कर."

दुपारी जाईबाईच्या कानावर हे गेलंच. भांडी घासायला ती मागच्या नळावर बसली होती. गंगाराम ताट ठेवायला आला तेव्हा म्हणाली, "जा भावजी आत. किती वर्सं असं घाबरून काडनार? माझं मानूस गेलं ते तोंडावर कोन नव्हता म्हनून. मी बसते तोंडावर. दुनिया इकडची तिकडं झाली तरी उठनार नाय."

सहा वर्षं तिने वाढलेलं खाल्लं, तेवढं खाता आलं. पण आता ही बाई आपल्या जिवाची राखण करायला बसणार, आणि कोणासाठी, तर तिच्या नवऱ्याची राखण सोडून गेलेल्यासाठी. हे गंगारामला सोसवेना.

"वयनी, तुमी नका बसू."

"का? बाईमानूस म्हनून?"

"नाय. सावंतानं मना बोलावलं नव्हतं."

जाईबाईने वर बघितलं.

"गेटवर निवटेवाली आलती," तो म्हणाला. "दादासाटी घ्यायला गेलतो. ताजे होते. निवडत बसलो."

नळ वाहत होता. जाईबाईने तो बंद केला. मग तिने विचारलं, "काय केलं त्या निवट्यांचं?"

"गटारात टाकले."

"मी त्या सावंताच्या दारात गेलते," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "त्याच्या बायकोसमोर उभं राहून बोटं मोडली. तुजं कुकू असंच पुसलं जाऊ दे म्हनलं तिला. ती बिचारी एक शबुद बोलली नाय. मना काय सांगता तुमी? आदी तितं जाऊन सांगा."

तिने भांडी तशीच टोपलीत भरली, खरकट्यासकट, आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली, सगळ्यांना वाढलं, आणि गंगारामपाशी न थांबता पुढे गेली. त्याने त्या आठवड्यात वडापाव खाल्ला.

रविवारी तो पनवेलची बस पकडून करंजाड्याला गेला. सावंत तिथे खोली घेऊन राहत होता आणि दारातच खिडक्यांच्या जाळ्या करून विकत होता. एके काळी चाळीस माणसं हाताखाली असलेला फोरमन जमिनीवर मांडी घालून सळ्या वाकवत होता. त्याने गंगारामला ओळखलं आणि हातातली सळी खाली ठेवली. गंगारामने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. निवट्यांसकट सांगितलं. रस्त्यात मनाशी घोकलेली माफीची वाक्यं मात्र त्याला एकही आठवली नाहीत.

सावंत मारेल, निदान शिव्या देईल, अशी त्याची तयारी होती.

"मी नव्हतं बोलावलं ना?" सावंतने एवढंच विचारलं.

"नाय."

"नक्की ना? अरे, सहा वर्षं जो तो हेच सांगत होता. पहिल्या वर्षी मी भांडलो. मग मलाच वाटायला लागलं, मारली असेल हाक. कामाच्या गडबडीत आपण शंभर हाका मारतो, त्यात एक याला मारली असेल, आणि आपण विसरलो असू. रात्री झोपेत मी तुला हाक मारतो रे. बायकोने किती वेळा उठवलंय मला."

आपण याची नोकरी खाल्ली, एवढंच गंगारामला ठाऊक होतं. याची आठवणसुद्धा आपण खाल्ली, हे त्याला त्या दिवशी कळलं. तो रडला. सावंतही रडला, पण दोघांपैकी कोणी दुसऱ्याच्या जवळ गेलं नाही. थोड्या वेळाने सावंत उठला आणि म्हणाला, "आत चल. बायकोसमोर सांग." गंगारामने आत जाऊन तिच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन तो निघाला. माफी त्याने मागितली नाही, आणि त्यांनी दिलीही नाही.

सोमवारी तो फजल शेठला म्हणाला, "मी जातो आत." जाईबाईला सांगितलं ते शेठलाही सांगितलं. शेठ म्हणाला, "मंग तोंडावर मी बसतो," आणि खरोखर खुर्ची घेऊन पायथ्याशी बसला. ऑफिसातला फोन वाजला तरी उठला नाही.

आत रांगत जायचं, पीळ चढत जाईल तसं अंग तिरपं करायचं, एका हातात मशीन, दुसऱ्या हाताने आधार. दिवा होता, हवेचा पंखा होता, नाकातोंडावर बांधलेलं फडकं होतं. तरी पहिल्या दिवशी गंगारामची पाचावर धारण बसली. चार फूट आत गेला आणि घामाने निथळत बाहेर आला. पुन्हा गेला. बाहेरून ठण्ण झालं की मुठीने उलट ठोका द्यायचा. आपला भाऊ असाच ठोका देऊन, बाहेर कोणीतरी आहे या भरवशावर पुन्हा कामाला लागला असेल, हा विचार त्याला दर ठोक्याला येई. तो विचार त्याने झटकला नाही.

शुक्रवार उजाडला. दुपारी ठोके एकाएकी बदलले. हातोडीचा जाड आवाज जाऊन किणकिण असा बारीक आवाज यायला लागला. गंगारामने उलट ठोका दिला. लगेच पुन्हा किणकिण. त्याने पुन्हा दिला. त्याने मशीन जेमतेम सुरू करावं की पुन्हा किणकिण. एवढ्या ठोक्यांनी कधी काम होतं का? त्याला कळेना, शेठला आज झालंय काय. मग आठवलं, शेठ नमाजाला जातो. ठोके काही थांबेनात. शेवटी त्याने मशीन बंद केलं आणि नुसतं उताणं पडून तो एकेका ठोक्याला उत्तर देत राहिला.

बाहेर आला तेव्हा खुर्ची रिकामी होती, आणि तोंडाशी जमिनीवर जाईबाई मांडी घालून बसली होती. हातात कालवण वाढायची पळी. ज्या कामगाराला शेठने बसवलं होतं, त्याला तिने उठवून जेवायला पाठवलं होतं. गंगाराम पुरता बाहेर आलेला बघून ती उठली, पळी पदराला पुसून टोपलीत टाकली आणि चालू लागली. टोपली ठेवली होती तिथे झाकलेलं एक ताट मात्र मागे राहिलं होतं.

पुढचे सहा दिवस तोंडावर शेठच बसला. आतलं काम संपल्यावर वैदेहीबाईंनी खडूने रेघ आखून दिली आणि गंगारामने वरपासून खालपर्यंत चीर कापली. पत्रा उघडला तसा उजेड आत शिरला आणि आतल्या पिळावरून थेट टोकापर्यंत धावत गेला. टोकाकडे कोणाची नजर पोचणार नव्हती, तिथेही त्याने पॉलिश सोडलं नव्हतं. बाईंनी आत हात घालून चाचपलं. "एवढं वर कोणाला दिसणार होतं?" त्या म्हणाल्या. टाकीचं काम असंच असतं, एवढंच गंगारामने सांगितलं.

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये शिल्प नेरुळच्या चौकात उभं राहिलं. उद्घाटनाला मांडव, हार, सत्कार, आणि कंपनीच्या साहेबांचं लांबलचक भाषण. त्यांच्या मते हे शिल्प म्हणजे उद्योगाने घेतलेली झेप. संगमरवरी पाटीवरही त्यांनी 'गगनभरारी' असं कोरून घेतलं, आणि खाली बारीक अक्षरांत बाईंचं नाव. वैदेहीबाई ते वाचून नुसत्या हसल्या. महिन्याभरात रिक्षावाले त्याला 'फाटका भोंगा' म्हणायला लागले आणि पाटी वाचायची कोणी तसदी घेतली नाही.

एका दुपारी रिकामी टोपली काखेत घेऊन जाईबाई त्या चौकात थांबली. गंगाराम बाहेरच्या पत्र्यावरचे धुळीचे डाग पुसत होता. वर्षभराची निगा फजल शेठकडेच होती. त्या शुक्रवारी ताट ठेवून गेल्यापासून ती त्याला वाढत होती, पण बोलली नव्हती. त्याने तिला बघितलं आणि फडकं हातातच राहिलं. जाईबाई शिल्पाजवळ गेली. चिरेतून वाकून तिने आत बघितलं, मग मान वर करून शेवटपर्यंत बघितलं. आत उन्हाचा झोत पडला होता आणि त्यात तिचा चेहरा पुन्हा पुन्हा उमटला होता.

"भावजी," तिने विचारलं, "आत कोन असला तं आता बाहेरून दिसंल ना?"

"दिसंल, वयनी," गंगाराम म्हणाला.